परसातल्या तळ्यावर मधमाश्यांची गर्दी होते, काय करावं?

तुमच्या परसातल्या कमळाच्या तळ्यावर मार्चपासून दुपारी पन्नास-साठ मधमाश्या बसतात, घरात चार वर्षांची नात आहे आणि शेजारी औषध मारायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. औषध अजिबात मारू नका. त्याच तळ्यावर चिमण्या येतात, पाण्यात मासे असतील, आणि विष अंगाला लागलेली माशी ते पोळ्यातही नेते.

आमच्या वाईच्या घरी हेच झालं होतं. पोळ्यात अंडी आणि अळ्या असतात तिथलं तापमान माश्यांना ३४-३५ अंशांवर राखावं लागतं. बाहेर पारा चाळिशीकडे गेला की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्यात शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. तुमच्याकडे येते ती पाणी भरायला आलेली माशी. पोळ्यापासून दूर ती कुणावर धावून जात नाही. पायाखाली आली किंवा हाताखाली दाबली गेली तर मात्र डंख मारते. नातीला काठावर अनवाणी जाऊ देऊ नका.

पहिल्या उन्हाळ्यात मी नळाच्या पाण्याची ताटली बाजूला ठेवली. एकही माशी आली नाही. त्यांना शेवाळलेलं, मातकट वासाचं, किंचित खारट पाणी आवडतं, आणि एकदा पाणवठा ठरला की त्या तो सहसा सोडत नाहीत. पुढच्या वर्षी मातीचं पसरट परळ घेतलं, त्यात खडे आणि नारळाचं सोडण घातलं, पाणी तळ्यातलंच ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि ते तळ्याच्या अगदी काठाला ठेवलं. माश्या त्यावर बसायला लागल्यावर रोज हातभर सरकवत कुंपणाजवळ उन्हात नेलं. तेवढे दिवस तळ्याच्या ओल्या काठावर शेडनेट अंथरून ठेवलं होतं, म्हणजे बसायला जागाच नाही. साधारण दोन आठवडे लागले. परळ एक दिवसही कोरडं पडू द्यायचं नाही, नाहीतर सगळ्या परत तळ्यावर. खडे पाण्याच्या वर डोकावतील असे ठेवा, माश्यांना पोहता येत नाही.

एवढं करताना आसपासची झाडं आणि उंच इमारतींचे सज्जे बघून घ्या. आग्या माश्यांचं मोठं उघडं पोळं लटकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. धूर नको, दगड तर नकोच. पोळं काढणं गरजेचंच असेल तर जाणकार मधपाळाला बोलवा. सातेरी ही मधमाशीची दुसरी जात अंगाने लहान असते, तिचं पोळं झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत सापडतं.

कुणाला डंख बसलाच तर नांगी नखाने लगेच खरवडून काढा. धाप लागली, चेहरा किंवा ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा.

पाऊस सुरू झाला की गर्दी आपोआप ओसरते. तेव्हा परळ धुऊन ठेवा आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच, त्यांना तळ्याची सवय लागण्याआधी, कुंपणाजवळ मांडा.