डिपार्टमेंटवार टीम पाडू नका, आमची झाली तेवढी पुरे

तुमच्या पोस्टमधलं 'मॅच झाल्यापासून क्वालिटी आणि प्रॉडक्शन फक्त मेलवर बोलतात' हे वाक्य वाचलं आणि आधी हसलो, मग आमचे ते दिवस आठवले. तुम्ही साताऱ्याच्या एमआयडीसीत, ६० माणसं, मालकांनी यंदा पुन्हा स्पर्धा घ्या म्हणून सांगितलंय, आणि तुमचा प्रश्न की खेळानं माणसं खरंच जवळ येतात की नुसता खर्च होतो.

मी सांगलीचा. कुपवाडला एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला १७ वर्षं काढली. एचआरमधलं मला काही कळत नाही, त्यामुळं पुढचं सगळं एका कारखान्यापुरतं धरा. नाश्ता, बॅनर, ट्रॉफी हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

आमच्या पहिल्या स्पर्धेत 'डिपार्टमेंटवार टीम पाडा, सोपं पडेल' असं म्हणणारा मीच होतो. टेनिस बॉल क्रिकेट, ६ ओव्हरच्या मॅच. फायनल आली प्रॉडक्शन विरुद्ध मेंटेनन्स. शेवटच्या ओव्हरला रनआउटवरून वाद झाला, अंपायर अकाउंट्सचा, त्यानं घाबरून प्रॉडक्शनच्या बाजूनं बोट वर केलं. आम्ही हरलो. तिथं हातमिळवणी वगैरे सगळं झालं, फोटो आहेत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला एक व्हीएमसी (धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) बंद पडलं. एरवी ऑपरेटर लांबूनच 'अरे, जरा बघ की' म्हणून ओरडायचा आणि आमचा इलेक्ट्रिशियन चहाचा कप हातात घेऊनच पोचायचा. त्या दिवशी तो म्हणाला, जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीचा फॉर्म, भरून आणा. कार्ड आलं, तर म्हणे सुपरवायझरची सही नाही. सही आली तोवर जेवणाची सुट्टी. बरं, सगळं नियमात. तक्रार करणार कुणाची? मग प्रॉडक्शनवाल्यांनीही नियम काढला. आम्ही देखभालीसाठी मशीन मागितलं की 'आजच्या प्लॅनमध्ये नाही'. असं तीन महिने चाललं. शेवटी एका मशीनचं स्पिंडल बेअरिंग गेलं आणि मशीन ९ दिवस बंद. डिस्पॅच लेट, कस्टमरची पैसे कापल्याची डेबिट नोट, ओव्हरटाइम. रिपोर्टात कारण लिहिलंय 'लुब्रिकेशन वेळेवर झाले नाही'. रनआउट कुठं लिहिणार?

माझ्या मते (चुकत असेन तर सांगा) धुसफूस आमच्यात आधीपासूनच होती. आम्ही तिला टी-शर्ट शिवून दिला.

क्रिकेटवर माझा राग नाही. विजय हजारे सांगलीचे, स्मृती मानधना सांगलीजवळच्या माधवनगरची, इथं क्रिकेटला नावं ठेवून जाणार कुठं? पण ऑफिसच्या क्रिकेटमध्ये दोन-तीन चांगले गडी सगळी मॅच खेळतात आणि बाकीचे सीमारेषेवर मोबाइल बघतात. आणि लाज वाटते सांगायला, स्मृती जिथं खेळून मोठी झाली त्या गावात आम्ही पॅकिंगच्या पोरींना रांगोळी आणि स्कोअर लिहायला बसवलं होतं. ती चूक तुम्ही करू नका.

पुढं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही आपण जिंकले, दोन्ही कर्णधार मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तेव्हा कँटीनमध्ये विषय निघाला आणि 'शाळेतला खेळ' म्हणणारी तोंडं बंद झाली. आम्ही सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, बायका-पुरुष, ऑफिस-शॉप सगळे एकाच डब्यात, आणि टीमना रंगांची नावं दिली.

खो-खोच का, तर पाठलाग करणाऱ्याला मागं वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. तो कितीही चपळ असला तरी पळणारा गडी दुसऱ्या बाजूला गेला की एकतर खांबापर्यंत धावा, नाहीतर बसलेल्याला खो द्या. एकट्याची हुशारी चालत नाही, नियमच तसा. आणि बसलेल्यानं खो मिळायच्या आधी उठलं की फाउल. आमच्याकडं शिफ्ट बदलताना कायमची बोंब हीच होती. पहिल्या शिफ्टचा माणूस ऑफसेट (मशीनमधलं मापाचं सेटिंग) बदलून न सांगता घरी, दुसरा येऊन तसंच सायकल स्टार्ट करणार, पहिले दोन पीस रिजेक्ट. त्या सामन्यानंतर पोरं आपसूक म्हणायला लागली, 'खो दिलास का? मग जा.' आता नव्या हेल्परलाही हाच शब्द माहीत आहे. रिजेक्शन किती कमी झालं ते विचारू नका, मी मोजलेलं नाही. जॉब कार्ड मात्र आता पूर्वीसारखं मशीन चालू झाल्यावर भरलं जातं, एवढं सांगतो.

मालकांना खुर्चीत बसवू नका, पाटीवर बसवा. आमचे बसले. एका हेल्परनं पाठीवर असा खो दिला की त्यात बहुतेक चार वर्षांची पगारवाढ होती.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी रस्सीखेच ठेवा. ८-८ जण, पण माणसं मोजू नका, टीमचं एकूण वजन जुळवा, स्टोअरचा वजनकाटा असतोच. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायला देऊ नका, बोटं जातात. रात्रपाळी करून आलेल्याला पळवू नका. तुमच्याकडं हिल मॅरेथॉनची हवा आहे, कुणीतरी यवतेश्वरचा घाट सुचवेलच. पळणं उत्तम, पण चढावर ज्याचा श्वास त्याला पुरत नाही, शेजाऱ्याशी काय बोलणार?

मैदानाचं मात्र आधी बघा. एका कार्यालयात (नाव नको) मी चार हेलपाटे घातले. एकदा साहेब मीटिंगला, एकदा अर्ज चुकीच्या नमुन्यात, एकदा नमुना बरोबर पण शिक्का हवा. डिपॉझिट भरून घेतलं आणि आदल्या दिवशी कळलं की तीच तारीख दुसऱ्यालाही दिलीय. आम्ही शेवटी कंपनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर फक्की मारून खेळलो. डिपॉझिट अजून यायचंय. तारीख लेखी घ्या.

आणि टी-शर्ट छापणार असाल तर डिपार्टमेंटचं नाव नको. आमचे जुने उरलेले स्टोअरमध्ये आहेत, कॉटन वेस्ट संपलं की मशीन पुसायला काढतो. दोन्ही टीमचे.