'उद्या ये' म्हणण्याआधी

बेटा,

कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून चार्ज गळ्यात पडला, प्रशिक्षण कसलंच नाही, आता समुपदेशनाचा डिप्लोमा करू का, असं तू विचारलंस. सोबत अमेरिकेतल्या दोन संघटनांनी 2015 साली काढलेली दहा क्षमतांची यादीही जोडलीस. वाचली. कायदा, मूल्यमापन, तंत्रज्ञान, सामाजिक न्याय, सल्ला आणि आधार. काही खोटं नाही त्यात. डिप्लोमाही कर. पण दारात आलेल्या पोराला 'उद्या ये' म्हणू नकोस. ती दहा कलमं त्यानंतर.

तू नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याला आहेस. धडगावकडून घाट उतरून एसटीने आलेल्या मुलीचा 'उद्या' म्हणजे काय, याचा हिशोब कर. तिकिटाचे पैसे, बुडालेली मजुरी, आणि घरी पुन्हा एकदा मागायची परवानगी. ती परवानगी दुसऱ्यांदा मिळतेच असं नाही.

शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल नवीन होतं त्या वर्षीची गोष्ट. अक्कलकुव्याकडचा एक मुलगा शिष्यवृत्ती आली नाही म्हणून पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम यायची होती, माझ्यापुढे सात फायली उघड्या. मान वर न करता मी म्हणालो, उद्या ये. तो आला नाही. दिवाळीनंतर त्याच्या मित्राकडून कळलं की पैसे आले होते, पण दुसऱ्याच बँकेत. पोरगा तोवर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. दहा मिनिटांचं काम होतं ते.

म्हणून हे नीट शिकून घे. शिष्यवृत्ती हातातल्या पासबुकावर जात नाही, आधारशी ज्या बँकेचं खातं शेवटी सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे जाते. कुठल्याशा शिबिरात शून्य शिल्लक खातं उघडलेलं असतं, पोराच्या ते लक्षातही नसतं. आधी सीडिंग तपास, मग अर्जाची स्थिती, मग उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता. प्रत्येक कागद कुठल्या टेबलावर अडतो ते तुला तोंडपाठ पाहिजे. समाजकल्याण आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयातल्या लिपिकांशी ओळख ठेव, त्यांच्याकडे मोकळ्या हाताने पण गोड तोंडाने जा. याला कुणी व्यावसायिक कौशल्य म्हणत नाही. मी म्हणतो.

नॅक महत्त्वाचं नव्हतं असं मी म्हणत नाही हं. त्या फायली मी केल्या नसत्या तर कुणी केल्या असत्या? बाकीचे स्टाफरूममध्ये चहा पीत होते. प्राचार्यांशी मी भांडलो, उद्घाटनाच्या फोटोसाठी पोरांना उन्हात बसवायला नकार दिला, त्याची किंमतही मोजली. पण हे सगळं त्या मुलाला सांगून काय उपयोग? त्याने माझी मान खाली घातलेली पाहिली, तेवढंच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तू वाचशीलच. रॅगिंगची तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, असं महाराष्ट्राचा 1999 चा कायदा सांगतो. मुलीने लैंगिक छळाची तक्रार आणली तर 'आपसात मिटवू' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, प्रकरण कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे द्यायचं. तिथे घटनेपासून तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, आणि ती 'उद्या ये' म्हणण्यात कशी संपते ते तुला आता कळलं असेल. जिवाचं बरंवाईट करायची भाषा कुणी केली, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. त्याच्याजवळ बस, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव, घरच्यांना आणि डॉक्टरला त्याच दिवशी गाठ.

आणि भाषा. प्रमाण मराठीत 'बोला, काय समस्या आहे' म्हटलंस की पोरगं आहे तेवढंही गिळतं. 'बठ आठे, कोणता गावना शे?' एवढ्या अहिराणीवर अर्धी गोष्ट बाहेर येते. पावरा आदिवासी मुलांसाठी मात्र अहिराणीही परकीच. त्यांच्यातलाच एक वरच्या वर्गातला मुलगा कमवा आणि शिका योजनेत तुझ्या कार्यालयात घे. त्याला पैसे मिळतील, तुला कान मिळतील.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरायचे, हे तू भाषणात सांगतेस. भाषण थांबव. तुझ्या दालनाबाहेर पोरांना टेकायला बाकडं आहे का ते आधी बघ. नसेल तर आज आण. भंगारातलं चालेल. बाकड्यावर कोण बसलंय ते तुझ्या खुर्चीतून दिसलं पाहिजे. आणि वहीत नाव-गाव लिहितेस त्याच ओळीत एक रकाना वाढव, शेवटची गाडी किती वाजता. ज्याची गाडी आधी, त्याचं काम आधी, मग प्राचार्यांचा शिपाई तीनदा का येईना.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले, हे मला ठाऊक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, लिहायची बंदी होती. कारण खरं आहे. फायलींचंही खरंच होतं.

रविवारी ये. भरिताची वांगी आलीत, कळण्याच्या भाकरी करायला सांगतो. ती वही सोबत आण.

तुझा,
सर