बारावीचं एकच वर्ष कॅनडाच्या शाळेत काढणं जड जातं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू बडोद्यात अकरावी सायन्सला आहेस, मामा कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात असतात, आणि आई-बाबांचं म्हणणं की बारावी तिकडेच कर म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीला सोपं जाईल. शेवटच्या वर्षी एकटीने तिथल्या शाळेत जाणं झेपेल का?

झेपेल, पण जड जातं, आणि तुला वाटतंय त्या कारणाने नाही. मी बडोद्याच्याच दांडिया बाजारातली. ऑन्टारियोतल्याच एका सरकारी शाळेत बारावी केली, होमस्टेमध्ये, म्हणजे तिथल्या एका कुटुंबात पैसे देऊन राहून. पुढचं शिक्षणही तिकडेच झालं, आता परत येऊन बडोद्यातच नोकरी करते. अभ्यासक्रमाचा धसका घेऊ नकोस. इथे अकरावी नीट केली असेल तर तिथलं गणित, केमिस्ट्री पेलतं. खरा घोळ हा की तिथे मार्च नसतो.

म्हणजे बोर्डाची परीक्षाच नसते. वर्ष दोन सेमिस्टरचं. एका वेळी चारच विषय, रोज तेच चार, प्रत्येकाचा सव्वा तासाचा तास. विषयाचे 70 टक्के मार्क सेमिस्टरभरच्या टेस्ट, निबंध, लॅब, प्रेझेंटेशनवर. शेवटच्या परीक्षेला किंवा प्रोजेक्टला उरलेले 30. शाळा सप्टेंबरात लेबर डेची (पहिल्या सोमवारची) सुट्टी झाली की सुरू होते, पहिलं सेमिस्टर जानेवारीअखेर संपतं आणि युनिव्हर्सिटीचे अर्ज जानेवारीच्या मध्याला भरून व्हावे लागतात. तिथल्या युनिव्हर्सिट्या साधारणपणे बारावीच्या सहा सर्वोत्तम विषयांची सरासरी बघतात. आता तूच हिशेब कर. बस कुठली, लॉकरचं कुलूप कसं फिरवायचं, मॅडम काय बोलल्या, यातलं धड काही कळत नसतं त्याच आठवड्यात मार्क पडायला लागलेले असतात. आपली रीत म्हणजे नवरात्र-दिवाळी होईपर्यंत निवांत, मग प्रिलिम, मग शेवटचे दोन महिने जीव तोडून. तिथे दिवाळी येते तोवर पहिल्या सेमिस्टरचा बराच निकाल लागून गेलेला असतो.

मार्क देण्याची पद्धतही समजून घे, कारण ती कोणी मुद्दाम सांगत नाही. गणिताच्या पेपरात प्रश्नाशेजारी के, टी, सी, ए अशी अक्षरं दिसतील. नॉलेज, थिंकिंग, कम्युनिकेशन, ॲप्लिकेशन. आपल्या मुलांचं ‘के’ भक्कम असतं. ‘सी’मध्ये मार्क गळतात: उत्तर बरोबर, पण मधल्या पायऱ्या गाळल्या, एकक लिहिलं नाही, शेवटी ‘म्हणून अमुक’ असं पूर्ण वाक्य लिहिलं नाही. क्लासमध्ये आपल्याला झटपट सोडवायला शिकवलेलं असतं ना, त्याचं तिथे कोणाला कौतुक नाही. उलट चुकलेलं उत्तर नीट मांडलं असेल तर बरेच मार्क पदरात पडतात. मला ही पद्धत आवडली, स्पष्टच सांगते. पण ती अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि एकच वर्ष असलं की नेमका तोच नसतो.

इंग्रजी बारावीला सक्तीचं आहे आणि युनिव्हर्सिटीच्या सरासरीत ते धरतातच. निबंध स्वतःच्या डोक्याने लिहायचा, गाईड नाही. शिवाय तिथली बारावी केली की आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा सुटते हा आपल्याकडचा गैरसमज आहे. बऱ्याच युनिव्हर्सिट्या इंग्रजी माध्यमातली काही वर्षं मागतात. तुझी शाळा गुजराती किंवा मराठी माध्यमाची असेल तर परीक्षा द्यावी लागेल असंच धरून चल.

डिप्लोमासाठी, म्हणजे तिथल्या बारावी पासच्या सर्टिफिकेटसाठी, 30 क्रेडिट लागतात, साधारण एका विषयाचं एक. तुझ्या इथल्या शिक्षणाचे किती धरायचे ते तिथले मुख्याध्यापक मार्कशीट बघून ठरवतात. आणि 40 तास बिनपगारी समाजसेवा लागते. बाहेरून आलेल्यांना त्यात सूट द्यायची का, हेही मुख्याध्यापकच ठरवतात. मी फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थेत जायचे. लोकांनी दिलेले डबे खोक्यातून काढायचे, तारीख बघायची, पोचा पडलेला डबा बाजूला, राजमा एका मांडणीवर, टोमॅटो दुसऱ्या. तिथल्या एक निवृत्त बाई डबा उलटा करून कडेवरून अंगठा फिरवायच्या, फुगलाय का ते बघायला, आणि तोंडाने अखंड बोलत असायच्या. माझं कानाचं इंग्रजी वर्गात नाही, तिथे सुधारलं. तास संपले तरी मी जात राहिले. तेव्हा हे काम कटकट समजून जूनपर्यंत ढकलू नकोस. पगाराची नोकरी मात्र शाळकरी परदेशी विद्यार्थ्याला बाहेर करता येत नाही. मामांचा ओळखीचा दुकानदार कितीही म्हणाला तरी नाहीच.

मैत्रीचं विचारशील तर वर्गातली मुलं नववीपासून एकत्र असतात, त्यांचे कंपू पक्के झालेले असतात. वाईट कोणी वागत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत शेजारी बस असंही कोणी म्हणत नाही. मला पहिल्या मैत्रिणी मिळाल्या त्या गुजराती बोलण्यामुळे, एक आणंदची, एक नैरोबीची. आपल्या बडोद्याच्या मराठी माणसाला ही भाषा फुकटात मिळालेली असते, ती लाजू नकोस वापरायला. नवरात्रीत मात्र हाल होतात. इकडे रात्रीचे अकरा म्हणजे तिकडे दुपारचा दीड. इथल्या मैत्रिणी चणिया-चोळीत गरब्याच्या मैदानातून व्हिडिओ कॉल करणार आणि तू कॅफेटेरियात गार सँडविच खात बघणार. डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो, त्यापेक्षाही मला ते दीड वाजणं जास्त जाचलं.

पैशाचं आई-बाबांशी बोलून घे. सरकारी शाळा म्हणून फुकट नाही, परदेशी विद्यार्थ्याला वर्षाची पाच आकडी डॉलर फी असते. आणि तिथे बारावी केली म्हणून युनिव्हर्सिटीत तिथल्या मुलांची फी लागत नाही, परदेशी विद्यार्थ्याचीच लागते. माझ्या माहितीतल्या दोन घरांनी या एका समजुतीवर सगळा बेत आखला होता.

मला विचारशील तर अकरावी इथे झालेली असताना फक्त बारावीसाठी जाऊ नये. बारावी इथेच कर. तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत इथल्या बारावीवरही अर्ज करता येतो. जायचंच असेल तर अकरावीपासून, दोन वर्षांसाठी जा, एक वर्ष वाया गेल्यासारखं वाटलं तरी. नातेवाईक म्हणतील, सयाजीरावांनी आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं त्या गावचे आपण, मुलीला कशाला अडवता. बरोबर आहे, पण ते बी.ए. होऊन गेले होते.

आणि तरीही बारावीलाच जायचं ठरलं, तर मामांना आत्ताच दोन गोष्टी विचार. एक, ते कस्टोडियन, म्हणजे तुझे तिथले कागदोपत्री पालक, व्हायला तयार आहेत का. तुला 17 पूर्ण नसतील तर ते लागतंच. त्या फॉर्मचं एक पान आई-बाबांनी इथे नोटरीसमोर करायचं असतं, दुसरं मामांनी तिथे. दुसरी, त्यांच्या भागातलं स्कूल बोर्ड (तिथल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ) परदेशी विद्यार्थ्याला कुठल्या शाळेत टाकतं. जागा असेल तिथे पाठवतात, घराजवळची शाळा मिळेलच असं नाही, आणि जानेवारीत बर्फात बस बदलून जायचं तर पहाटेच उठावं लागतं.