खालचे सूर कोंडतात? आधी कोणते पिस्टन दाबलेत ते बघा

भाऊ, तुमच्या बँडमधला बी-फ्लॅट टुबा (खालच्या सुरांचं मोठं पितळी वाद्य) तीन पिस्टनचा, म्हणजे बोटाने दाबायच्या तीन झडपांचा. मधले सूर मोकळे येतात, पण खालचे एफ आणि ई कितीही दम लावला तरी कोंडतात, आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत त्रास वाढतो. मास्तर मोठं माउथपीस (ओठाला लावायचा भाग) घ्या म्हणतात. एवढ्यात पैसे घालवू नका.

एकही पिस्टन न दाबता खालचा बी-फ्लॅट हळू आणि लांब धरा. तोही कोंडला तर पाणी काढायच्या चावीचं कॉर्क आणि माउथपीसनंतरच्या नळीतला मळ बघा. वाजवताना सोबत्याला चावीचं कॉर्काकडचं टोक बोटाने भोकावर घट्ट दाबून धरायला सांगा. आवाज खुलला तर हवा तिथूनच जाते. बी-फ्लॅट स्वच्छ असेल तर दोष बहुतेक पिस्टनच्या वाटेवर आहे.

मग खालचा जी घ्या. तो 1-2 ने (पहिला आणि दुसरा पिस्टन एकत्र दाबून) वाजतो, नुसत्या 3 नेही वाजतो (थोडा उतरतो, चालेल). 3 ने मोकळा आणि 1-2 ने कोंडलेला असेल तर दोष पहिल्या किंवा दुसऱ्या पिस्टनमध्ये धरा. उलट झालं तर तिसऱ्यात.

आता त्या पिस्टनची स्लाइड (आत-बाहेर सरकणारी नळी), पिस्टन न दाबता, दोनेक इंच बाहेर ओढा. चार-पाच सेकंद थांबा आणि पिस्टन दाबा. ‘पॉक्’ असा ठसठशीत आवाज यायला हवा. आला नाही तर पिस्टन झिजलाय किंवा स्लाइड सैल आहे. आपल्याकडच्या उन्हात पातळ तेल लवकर उडतं, म्हणून आधी जरा दाट तेल घालून तीच चाचणी पुन्हा करा. आवाज परत आला तर गळती कुठे आहे ते कळलंच.

पिस्टनच्या झाकणाच्या आतला फेल्ट (नमद्याची चकती) दबला की पिस्टन ठरल्यापेक्षा वर येऊन थांबतो, बटणाखालचा दबला की जास्त खाली जातो. स्लाइड काढून छोटा आरसा आणि टॉर्च घाला. पिस्टनचं भोक नळीसमोर नेमकं न येता कडेला चंद्रकोर दिसत असेल तर हवेची वाट तिथे अरुंद झाली आहे. फेल्ट बदलणं स्वस्त काम आहे, ते टाळू नका.

हे सगळं ठीक निघालं तर माझा संशय सुरावर आहे. एफ 1-3 ने आणि ई 1-2-3 ने येतो, आणि या दोन्ही जोड्या मुळातच चढ्या. त्यात हवा तापली की सूर दर अंशाला साधारण 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढतो. नागपूरच्या 43-44 अंशांत वरातीत उभा असलेला वादक नकळत ओठाने सूर खाली ओढतो. नळीचा सूर एकीकडे, ओठाचा दुसरीकडे, म्हणून आवाज दबतो. तुम्ही अजून जोर लावता आणि तो अजून दबतो. तिसरी स्लाइड ओढा, इतकी की ओठ सैल ठेवूनही ई जागेवर येईल. मुख्य स्लाइड, म्हणजे सगळ्या वाद्याचा सूर जुळवायची, मिरवणूक निघण्याआधी उन्हातच जुळवा, हॉलमध्ये नाही.

खाली जाताना दात मिटू देऊ नका. जबडा खाली, गळा जांभई देताना असतो तसा उघडा, आणि हवा जास्त पण संथ.

जीची चाचणी आजच करून काय निघालं ते लिहा, म्हणजे कोणता पिस्टन उघडायचा ते सांगता येईल.