माग दिसला होता : १८७६ च्या सू मोहिमेबद्दल वाचकांचे प्रश्न

१८७६ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने मॉन्टाना-वायोमिंगच्या माळावर लकोटा (सू) आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींवर तीन बाजूंनी चाल केली. ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं होतं आणि १८६८ च्या तहाने तो डोंगर लकोटांचा होता, हे या चालीमागचं खरं कारण. तुमचे बरेच प्रश्न घोडदळाचा अधिकारी कस्टर याच्या अखेरच्या, म्हणजे २५ जूनच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईबद्दल आहेत. इथे त्याआधीच्या टेहळणीबद्दलचे आणि मजलांबद्दलचे प्रश्न घेतो, कारण लढाईचा निकाल बऱ्याच अंशी तिथेच लागला होता.

प्रश्न : तीन फौजा, तारयंत्र, आगबोट, एवढं सगळं असून लकोटांचा ठाव का लागला नाही?

ठाव लागला होता. पश्चिमेकडून आलेल्या कर्नल गिबनच्या फौजेत टेहळणीचा प्रमुख होता लेफ्टनंट ब्रॅडली. १६ मे रोजी त्याला आणि त्याच्या क्रो जमातीच्या टेहळ्यांना टंग नदीच्या खोऱ्यात मोठा तळ दिसला. गिबनने यलोस्टोन नदी ओलांडायचा प्रयत्न केला, काही घोडे बुडाले आणि बेत सोडून दिला. २७ मे रोजी ब्रॅडलीला तोच तळ आणखी जवळ, रोझबड ओढ्याच्या काठी सापडला. गिबनने पूर्वेकडच्या फौजेचा प्रमुख, कस्टरचा वरिष्ठ जनरल टेरी याला त्या दिवशी पत्र लिहिलं, त्यात या बातमीला जागा मिळाली ती ताज्या कलमात. मला ही गोष्ट कस्टरच्या कुठल्याही चुकीपेक्षा गंभीर वाटते.

तारेचं म्हणाल, तर ती किल्ल्यांपर्यंतच होती. १७ जूनला दक्षिणेकडून आलेल्या जनरल क्रुकच्या हजारावर माणसांशी लकोटा-शायेन रोझबडवर सुमारे सहा तास भिडले आणि क्रुक मागे फिरला. पण त्याची बातमी आधी दक्षिणेला फोर्ट फेटरमनकडे गेली. २२ जूनला कस्टर त्याच रोझबडवरून वर निघाला, तेव्हा ही लढाई झाल्याचंच त्याला ठाऊक नव्हतं.

प्रश्न : माग काढणारे जमिनीवर नेमकं काय वाचत?

लकोटांचं अख्खं गाव हलायचं. तंबूचे लांब खांब घोड्याच्या दोन्ही अंगांना बांधून त्यांची टोकं मागे जमिनीवर ओढत नेत, त्यांवर सामान लादत. त्या टोकांच्या चाकोऱ्या पडत. शिवाय लीद किती सुकली आहे, गवत किती खाल्लं गेलं आहे, चुलींची राख आणि तंबूंची वर्तुळं किती. तंबू मोजले की माणसांचा अदमास येई. लढाऊ टोळी एकटी गेली असेल तर खांबांच्या चाकोऱ्या नसत. एवढ्यावरूनच बायकामुलं सोबत आहेत की नाहीत, ते कळायचं.

रोझबडवरचा माग शेकडो यार्ड रुंद होता. २४ जूनला वाटेत सूर्यनृत्य या लकोटांच्या धार्मिक विधीचा मांडव लागला. जूनच्या सुरुवातीला तिथेच लकोटांचा पुढारी सिटिंग बुल याला दृष्टान्तात सैनिक डोकं खाली करून तळात कोसळताना दिसले होते. पुढे मुख्य मागाला बाजूच्या ताज्या वाटा मिळू लागल्या. अधिकाऱ्यांना धास्ती पडली की गाव फुटून पांगतंय. खरं तर लकोटा-शायेनांसाठी नेमलेल्या सरकारी वसाहतींतून निघालेली माणसं उन्हाळ्यासाठी येऊन मिळत होती. त्याच खुणा, अर्थ मात्र नेमका उलटा.

प्रश्न : मग कस्टरला त्याच्या टेहळ्यांनी सावध केलं नव्हतं का?

केलं होतं, आणि वारंवार. २४ च्या रात्री कस्टरचा टेहळणी प्रमुख लेफ्टनंट वार्नम काही क्रो आणि अरिकारा जमातींचे टेहळे, वाटाड्या मिच बॉयर आणि चार्ली रेनॉल्ड्स यांना घेऊन क्रोज नेस्ट नावाच्या उंचवट्यावर गेला. पहाटे क्रोंना सुमारे १५ मैलांवर घोड्यांचा प्रचंड कळप दिसला. वार्नमचे डोळे धुळीने आणि जागरणाने सुजले होते, त्याला काही दिसेना. टेहळे म्हणाले, घोडे शोधू नका, गवतावर वळवळणारे किडे शोधा. तरी दिसेना. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. एवढ्या अंतरावरून घोडा घोड्यासारखा दिसतच नाही, नुसती जमीन हलल्यासारखी वाटते. ती नजर माळावर जन्म काढलेल्यालाच असते.

काही तासांनी कस्टर स्वतः वर आला. तोवर उन्हाने धुकट पसरलं होतं, त्यालाही काही दिसलं नाही. बॉयरने इतकं मोठं गाव आपण कधी पाहिलं नाही असं सांगितलं, आणि तो त्याच दिवशी कस्टरबरोबर मारला गेला.

पण कस्टरने ऐकलंच नाही, हे म्हणणं अर्धवट आहे. गाव तिथे आहे हे त्याने मानलं होतं. त्याच्या मनात भीती वेगळीच होती : गाव निसटेल. २५ ला लपून विश्रांती घ्यायची आणि २६ च्या पहाटे हल्ला करायचा, असा बेत होता. मग कळलं की रात्री खेचरावरून बिस्किटांची एक पेटी पडली होती, ती आणायला माणसं मागे गेली आणि तिच्याजवळ त्यांना काही लकोटा-शायेन दिसले. आपला सुगावा लागला असं समजून कस्टरने भर दुपारी हल्ला करायचं ठरवलं आणि तुकड्या वाटल्या. त्याच्यासोबत शेवटपर्यंत राहिलेल्या पाच कंपन्यांतलं कुणीही जिवंत उरलं नाही. निसटण्याची शंका घेणारा सेनापती समोर किती माणसं आहेत, हे विचारायचं विसरतो. टेहळे तेच तर सांगत होते.

प्रश्न : घोडदळ रोज किती मैल चालायचं?

कस्टरची मजल २२ ला १२ मैल, २३ ला तेहतीसच्या आसपास, २४ ला २८, आणि वर रात्रीची कूच. पण मैलांपेक्षा दाण्याचा हिशोब बघा. सैन्याच्या घोड्याला रोज १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलो धान्य ठरलेलं. ६०० घोडे धरले तर दिवसाला तीन टनांहून जास्त. ते वाहायला गाड्या हव्यात, टेरीच्या फौजेत त्या दीडशेच्या घरात होत्या. गाड्या घेतल्या तर वेग जातो, सोडल्या तर घोडा खंगतो. कस्टरने गाड्या सोडून १५ दिवसांचा शिधा खेचरांवर घेतला. त्यांतली बरीच खेचरं गाडीचीच, पाठीवर ओझं वाहायची सवय नव्हती, म्हणून ओझी सारखी घसरत. पडलेल्या पेटीची गोष्ट तिथूनच आली. लकोटांचं तट्टू मात्र गवतावर जगायचं.

याच हिशोबाने क्रुकचे हाल झाले. ५ सप्टेंबरला तो हार्ट नदीवरून दोन-अडीच दिवसांचा शिधा घेऊन ब्लॅक हिल्सकडे निघाला. पाऊस, चिखल, आणि थकून बसलेल्या घोड्यांना मारून त्यांचंच मांस शिजवायचं. पायदळातली माणसं घोडदळाला मागे टाकून चालत होती, कारण माणूस निम्म्या शिध्यावर जेवढा चालतो तेवढा घोडा चालत नाही. ९ सप्टेंबरला स्लिम ब्यूट्स या टेकड्यांपाशी क्रुकच्याच कॅप्टन मिल्सच्या तुकडीने एक छोटं लकोटा गाव लुटलं, तेव्हा सुकवलेलं मांस पोटात गेलं. रसदीसाठी निघालेली तुकडी होती ती.

प्रश्न : क्रो आणि शोशोनी गोऱ्यांना सामील का झाले? हा विश्वासघात नव्हे का?

नाही, आणि हा शब्द वापरू नये असं मी आग्रहाने म्हणेन. लकोटांनी आधीच्या दोन-तीन दशकांत क्रोंना त्यांच्या शिकारीच्या प्रदेशातून ढकललं होतं. लिटल बिगहॉर्नची लढाईदेखील क्रोंच्या राखीव प्रदेशात झाली. जमीन बळकावणाऱ्या शेजाऱ्याशी जो लढतोय, त्याला सैन्य हा उपयोगी मित्र वाटला. रोझबडवर सैनिक कॉफी करत खोगीर उतरवून बसले होते, तेव्हा पुढे गेलेले क्रो-शोशोनी ओरडत परत आले आणि हल्ला अंगावर घेऊन त्यांनी क्रुकला सावरायला वेळ दिला.

प्रश्न : एवढं असून लकोटा हरले कसे?

हिवाळ्यात. थंडीत तट्टू खंगतात, गाव नदीकाठी अडकून पडतं आणि सैन्याच्या घोड्याला तेव्हाही धान्य असतं. २५ नोव्हेंबर १८७६ च्या पहाटे कर्नल मॅकेन्झीने शायेन पुढारी डल नाइफचं गाव जाळलं. पांघरुणं आणि साठवलेलं मांस खाक झालं, पुढच्या रात्री तान्ही मुलं गारठून मेली. गावाकडे वाट दाखवणाऱ्यांत आता वसाहतीत राहणारे लकोटा आणि शायेनही होते. लकोटांचा लढाऊ पुढारी क्रेझी हॉर्स ६ मे १८७७ ला सुमारे ९०० माणसांसह कॅम्प रॉबिन्सन या लष्करी छावणीत शरण आला. पुरुष दोनशेच्या थोडे वर, बाकी बायका, मुलं, म्हातारे. लष्कराने त्याचंच नाव टेहळ्यांच्या यादीत घातलं. ५ सप्टेंबरला त्याच छावणीत अटक होताना त्याला संगीन लागली आणि त्याच रात्री तो मेला.