लोणारचे लोण आणि आंदोलनाचे लोण

प्रश्न असा आला आहे : 'लोणार हे नाव लवणासुरावरून पडले हे खरे का? आणि "आंदोलनाचे लोण राज्यभर पसरले" असे आपण म्हणतो, त्यातले लोण कुठले?' विचारणाऱ्याने हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारले आहेत, पण मला दोन्हींची मुळे मिठात दिसतात.

आधी लोणार. संस्कृत 'लवण'मधल्या 'अव'चा मराठीत येताना 'ओ' झाला आणि 'लोण' हा शब्द तयार झाला. लोणचे त्यातलेच. ज्यात लवण नाही ते अलवण, त्याचे झाले अळणी. लावण्यसुद्धा लवणावरूनच आले आहे. मिठाने पदार्थाला जी गोडी येते तिच्यावरून माणसाच्या रूपाला नाव द्यावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या जिभेला मिठाची किंमत नक्की कळत होती. लोणी मात्र या घरातले नाही. ते 'नवनीत'वरून आले. तिथेही 'अव'चा 'ओ' झाला, म्हणून दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात एवढेच. गावाच्या नावात 'लोण' दिसले की लगेच मीठ शोधायला जाऊ नये, ते यासाठीच.

राहिला 'आर'. कुंभकारचा कुंभार झाला, सुवर्णकारचा सोनार झाला, तसा 'लवणकार'चा लोणार होऊ शकतो. मीठ, चुना, कोळसा तयार करणाऱ्यांना लोणारी म्हणतात, ते या अर्थाला धरूनच आहे. पण इथे नाव माणसाचे नाही, जागेचे आहे. संस्कृतात 'आकर' म्हणजे खाण आणि 'लवणाकर' म्हणजे मिठाची खाण. लवणाकर, लोणाअर, लोणार. मला ही वाट जास्त सरळ वाटते, कारण त्या जागेचे वर्णन या एका शब्दात नेमके बसते.

बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून साधारण १५० मीटर खोल. तळातल्या सरोवराचे पाणी खारट तर आहेच, शिवाय अतिशय अल्कधर्मी आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने ते उडून जाते आणि क्षार मागे उरतात. उन्हाळ्यात पाणी आत सरकले की काठच्या काळ्या चिखलावर पांढरी खपली धरते. ही खपली लोक शतकानुशतके गोळा करत असत. नुसते खायचे मीठ नव्हे, त्यात सोड्याचा अंश मोठा. अबुल फझलने 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाडातल्या या जागेची नोंद करताना काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात असे लिहिले आहे, आणि त्यातून सरकारला महसूल मिळतो असेही. म्हणजे १६व्या शतकाच्या अखेरीस मोगल दरबारालाही हे ठिकाण क्षारांसाठी ठाऊक होते.

मग लवणासुर कुठून आला? कथा सांगते की हा दैत्य जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने दैत्यसूदन होऊन झाकण उडवले आणि त्याला मारले. गावातले कोरीव दैत्यसूदन मंदिर याच कथेचे. माझे मत असे की मीठ आधी, मिठावरून नाव, आणि नावावरून दैत्य. रामायणात शत्रुघ्नाने मारलेला लवण मथुरेकडचा, त्याचा या सरोवराशी संबंध नाही. पण कथेला मी खोटी म्हणून बाजूला टाकणार नाही. इथे वरून काहीतरी प्रचंड येऊन आदळले आणि जमीन उघडी पडली, एवढे त्या कथेत आहे. भूशास्त्रज्ञ बराच काळ याला ज्वालामुखीचे मुख समजत होते. अशनीच्या आघाताचे पक्के पुरावे १९७०च्या दशकात हाती आले.

ओघात एक : लोणारला 'उल्का पडली' असे लिहू नये. आकाशात जळताना दिसते ती उल्का. जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. संस्कृतात अशनि म्हणजे वज्र, इंद्राचे आयुध. हा शब्द मराठी शास्त्रलेखनाने फार चांगला निवडला आहे.

आता आंदोलनाचे लोण. हे थेट मिठावरून नाही, मैदानावरून आले. आट्यापाट्यांत गडी एकेक पाटी, म्हणजे अडवणारा गडी जिच्यावर उभा असतो ती मैदानावरची आडवी रेघ, चुकवत शेवटच्या पाटीपलीकडे जातो आणि तिथून परत फिरून पहिल्या पाटीबाहेर येतो, तेव्हा लोण होते. कबड्डीतही समोरचा सगळा संघ बाद झाला की लोण चढते आणि दोन गुण जास्तीचे मिळतात. आट्यापाट्यांतल्या त्या धावण्याकडे नीट बघा : पाटीवरचा गडी हात पसरून उभा, आणि त्याच्या हुलकावणीला हुलकावणी देत एकाने हे लोण पलीकडून अलीकडे पोचवायचे. अडवणाऱ्यांना चुकवत आणायची मौल्यवान वस्तू म्हणजे मीठ, असे मी त्याचे चित्र मनात धरतो.

म्हणून मूळचे क्रियापद 'पोचवणे' आहे. 'शिक्षणाचे लोण खेड्यापाड्यांत पोचवले' या वाक्यात प्रयत्न करणारा कुणीतरी आहे, त्याने एकेक पाटी ओलांडली आहे. 'पसरले' म्हटले की तो गडी दिसेनासा होतो आणि लोण साथीसारखे आपोआप फैलावते. म्हणूनच बातम्यांत दंगलीचे, संपाचे लोण पसरते. दोन्ही प्रयोग आज रूढ आहेत, चूक कुठलाच नाही. पण लिहिताना ज्या कामामागे माणसांचे कष्ट आहेत तिथे मी 'पोचवले'च लिहितो.