नुसती हाडं बघून ‘हा प्राणी दोन पायांवर चालायचा’ असं कसं सांगतात? की सगळं अंदाजपंचे दाहोदरसे?

अंदाजपंचे नाही. मी काही जीवाश्मांची अभ्यासक नाही, मिरजेत फिजिओथेरपी करते. पण दिवसभर लोकांचं चालणंच बघत असते, म्हणून लिहिते.

शिकत असताना सिनिअरकडून घेतलेला बोन सेट (अभ्यासासाठीची माणसाची हाडं) मी सांगलीच्या खोलीवर कॉटखाली ठेवला होता. (घरमालकीण काकूंना कळलं, त्या दिवशी तो पिशवीसकट अंगणात आला.) त्यातलं मांडीचं हाड टेबलावर उभं धरायचं, गुडघ्याकडचे दोन्ही गोळे सपाट टेकवून. ते सरळ उभं राहतच नाही, वर जाताना बाहेरच्या बाजूला कलतं, साधारण ९-१० अंश. त्यामुळे खुबे एकमेकांपासून लांब असूनही गुडघे जवळ येतात आणि एक पाय उचलला तरी तोल जात नाही. चिंपांझीचं हाड जवळपास सरळ असतं.

१९७३ मध्ये इथिओपियात हदारला संशोधक डोनाल्ड जोहान्सन यांना सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीचा गुडघा सापडला. त्यात हा कल होता. आणि हा कल घेऊन कुणी जन्माला येत नाही बरं का! बाळाचं हाड सरळ असतं, ते चालायला लागलं की कल येत जातो. जी मुलं कधीच चालू शकली नाहीत, त्यांच्यात तो येत नाही. म्हणजे हदारचा गुडघा ज्याचा होता, तो जीव स्वतः दोन पायांवर हिंडलेला होता.

दुसरी खूण कमरेत. खुब्याच्या कडेचा स्नायू दुबळा झालेल्या पेशंटने पाऊल उचललं की कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला पडते आणि तो हेलकावत चालतो. चिंपांझी दोन पायांवर चालला की असाच डुलतो, कारण त्याची कमरेची हाडं उंच आणि पाठीकडे वळलेली, म्हणून तो स्नायू कडेने कंबर धरून ठेवू शकत नाही. १९७४ मध्ये हदारलाच सापडलेल्या ३२ लाख वर्षांपूर्वीच्या लूसी नावाच्या सांगाड्याची मात्र बुटकी, पसरट, कडेला वळलेली. तिच्या जातीचा मेंदू आपल्या जेमतेम एक तृतीयांश, पण कंबर आपल्या वळणाची!

कवटीच्या तळाचं, मज्जारज्जू जातो ते भोक पुढे सरकलेलं असेल तर डोकं मानेवर तोललेलं होतं, असं १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगच्या कवटीवरून मांडलं. पण एकट्या कवटीवर मी पैज लावणार नाही. चाडमधल्या सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीच्या तूमाई नावाच्या कवटीवरून, तो दोन पायांवर चालायचा की नाही, अशी अजून भांडणं चालू आहेत. त्याच्या जातीचं म्हणून दाखवतात ते मांडीचं हाड आहे, पण नेमकं गुडघ्याकडचं टोक तुटलेलं. टेबलावर टेकवायचं काय?